स्मार्ट पॅनेल आला, पुढे काय? हायस्कूलच्या विज्ञानाला तुम्ही काय वापरता?

लिटमस (धागाकर्ती)

मंडळी, नववी-दहावीला विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी वर्गात मोठा टच पॅनेल बसवून मिळाला, थोडे टॅब्लेटही आले. इंटरनेट आहे, पण त्याच्या मनात आलं तर चालतं. वरून अपेक्षा अशी की पॅनेल रोज चालू दिसला पाहिजे. त्यामुळे मीही रोज काही ना काही लावते: अ‍ॅनिमेशन, प्रयोगांचे व्हिडिओ, पाठ संपल्यावर क्विझ. वर्ग एकदम शांत बसतो. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, काय सुंदर तास चाललाय.

आत काय शिरतं, याची मात्र मला शंका आहे. मध्यंतरी विद्युतधारेचं एक देखणं अ‍ॅनिमेशन दाखवलं. पिवळे गोळे तारेतून पळत येतात, बल्बपाशी पोचतात, बल्ब उजळतो. दुसऱ्या दिवशी विचारलं, "बल्बच्या अलीकडे जेवढी धारा आहे तेवढीच पलीकडे असेल का?" निम्म्याहून जास्त वर्ग म्हणाला, पलीकडे कमी. का? तर "थोडे गोळे बल्बात जळतात, मॅडम." एका मुलीने वहीत चित्रच काढून दाखवलं: अलीकडे सहा गोळे, पलीकडे चार. आणि ही मुलगी आदल्या दिवशी सगळ्यात मन लावून बघत होती!

क्विझची तऱ्हा वेगळीच. लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण, स्क्रीनवर नावं वरखाली होतात. मुलं प्रश्न पुरता वाचतच नाहीत, रंग बघून बोट दाबतात. आरडाओरडा भरपूर. शेवटी मला कळतं काय, तर कोणाचं बोट चपळ आहे.

मी टेक्नॉलॉजीच्या विरोधात अजिबात नाही. प्रयोगशाळा आहे, साहित्य तुटपुंजं पण आहे. मुलांना फोन आणायची परवानगी नाही (आणि सगळ्यांकडे आहेत असंही नाही), पण माझा फोन मी वापरू शकते. तर ज्यांनी वर्गात प्रत्यक्ष वापरून बघितलंय त्यांनी सांगा, कोणत्या गोष्टीने मुलांच्या डोक्यात खरंच फरक पडला? 'संवादी शिक्षणाचे दहा फायदे' छापाचे लेख वाचून झालेत, ते नकोत. एखादा पाठ, एखादा प्रयोग, असं नेमकं हवंय. आभासी प्रयोगशाळेवर किती विसंबावं, हेही सांगा.

शून्य अंश

वाचतोय. आमच्याकडेही पॅनेल आहे. त्याचा रिमोट ऑफिसात कुलपात असतो, त्यामुळे तुमच्याइतक्या पुढच्या अडचणी आम्हाला अजून आलेल्या नाहीत. सविस्तर नंतर लिहितो.

जुना दोलक

मॅडम, पॅनेल बंद करा असं म्हणणार नाही, पण त्याचं काम बदला. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि कुठलंही नवं उपकरण हातात आलं की आधी एवढंच बघतो: हे काही मोजतंय, की नुसतं दाखवतंय? दाखवणाऱ्या यंत्रापुढे मुलं प्रेक्षक होऊन बसतात. मोजणाऱ्या यंत्रातून आकडा येतो, आणि आकडा मनातल्यापेक्षा वेगळा आला की वर्ग भांडायला उठतो. मला ते भांडण हवं असतं.

तुमच्या एकटीच्या फोनवर भागेल असं सांगतो. फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठातल्या लोकांनी केलेलं, २०१६ पासून उपलब्ध आहे. फोनमध्ये आधीपासून असलेले सेन्सर (त्वरणमापी, चुंबकत्वमापी, माईक वगैरे) ते तुमच्यासाठी उघडून देतं. त्यातली सगळ्यात कामाची सोय म्हणजे रिमोट अ‍ॅक्सेस. फोनचा हॉटस्पॉट चालू करा, पॅनेल त्याला जोडा, अ‍ॅपमध्ये रिमोट अ‍ॅक्सेस चालू केलं की एक पत्ता दिसतो, तो पॅनेलच्या ब्राउझरमध्ये टाका. फोनवरचा आलेख त्याच क्षणी पॅनेलवर दिसायला लागतो. इंटरनेट लागत नाही, तेव्हा त्याच्या लहरीचा प्रश्नच मिटला.

आता प्रयोग. फोन टेबलावर सपाट ठेवा आणि वर्गाला विचारा, "हा स्थिर आहे. त्वरणमापी किती दाखवेल?" प्रत्येकाने वहीत आकडा लिहायचा, मगच आलेख उघडायचा. ही अट मी कधीच सोडत नाही. तोंडी विचारलं तर हुशार दोघं बोलतात आणि बाकीचे त्यांच्या मागे जातात. लिहिलेला आकडा मात्र प्रत्येकाचा स्वतःचा असतो, त्यामुळे पुढे काय होतं याची उत्सुकताही प्रत्येकाला असते. जवळजवळ सगळे शून्य लिहितात. 'गुरुत्वासह त्वरण' हा पर्याय उघडला की पडद्यावर ९.८ च्या आसपास रेषा येते. लगेच कोणीतरी म्हणतं, फोन बिघडलाय. दुसरं कोणी म्हणतं, ते गुरुत्व आहे. ठीक, मग पुढचा प्रश्न: फोन सोडून दिला तर पडताना किती दाखवेल? आता बहुतेक जण ९.८ लिहितात, काही धीट मुलं त्याहून जास्त. खाली जाड उशी ठेवून फोन सोडा. पडायच्या काळात रेषा धपकन शून्याजवळ येते, आणि उशीवर आपटताना मोठा सुळका.

तिथून पुढचा तास आपोआप चालतो. स्थिर असताना ९.८ आणि पडताना शून्य, हे उलटं कसं? फोनच्या आत सिलिकॉनच्या बारीक लवचीक पट्ट्यांवर तोललेलं इवलंसं वस्तुमान असतं. टेबल फोनला वर ढकलतं, तेव्हा ते वस्तुमान आपल्या जागेवरून किंचित सरकतं आणि सेन्सर ते सरकणं मोजतो. म्हणजे तो गुरुत्व मोजतच नाही, टेबलाचा आधार मोजतो. आधार गेला की मोजायला काही उरत नाही. मुक्त पतनात वजन जाणवत नाही हे वाक्य मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल देव जाणे. ते पटलेलं मात्र मी या आलेखासमोरच बघितलंय.

आणि हाच आलेख पुढे गणितालाही वापरा. सव्वा मीटरवरून सोडलेली वस्तू साधारण अर्ध्या सेकंदात पडते. शून्याजवळचा तो सपाट भाग किती वेळ टिकला ते आलेखावरून वाचायचं, उंची मोजपट्टीने मोजायची, g (गुरुत्वत्वरण) काढायचा. ९.८ नेमका येणार नाही. फोन हातातून सुटताना गिरकी घेतो, त्यामुळे सपाट भागही अगदी शून्यावर नसतो. का नसतो, हे मुलांनाच शोधू द्या.

आलेख त्याच क्षणी दिसण्यावर मी एवढा भर का देतो, तेही सांगतो. हेदर ब्रासेल यांनी १९८७ साली हायस्कूलच्याच मुलांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. मुलं अंतर मोजणाऱ्या सेन्सरसमोर पुढे-मागे चालत आणि त्यांच्या चालण्याचा आलेख पडद्यावर उमटत असे. एका गटाला आलेख चालतानाच दिसे, दुसऱ्याला चालून झाल्यावर, अर्ध्या मिनिटाच्याही आत. एवढ्याशा उशिराने बराचसा फायदा निघून गेला. म्हणून 'आत्ता प्रयोग करा, आलेख उद्या काढून आणा' हे निदान गतीच्या पाठाला तरी मी बंद केलं.

दुसरा प्रयोग ध्वनीचा वेग. याला दोन उपकरणं लागतात, एक फोन आणि एक टॅब्लेट चालेल. फायफॉक्समध्ये आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे: पहिल्या आवाजाला सुरू होतं, दुसऱ्याला थांबतं. दोन्ही उपकरणं ५ मीटरवर ठेवा, प्रत्येकाशेजारी एक मूल उभं करा. पहिल्याने टाळी वाजवली की त्याचं घड्याळ लगेच सुरू होतं, लांबचं किंचित उशिरा. मग दुसऱ्याने टाळी वाजवायची. आता त्याचं घड्याळ लगेच थांबतं आणि पहिल्याचं उशिरा. दोन घड्याळांमधला फरक म्हणजे ध्वनीला ५ मीटर जायला आणि ५ मीटर यायला लागलेला वेळ. हवा २० अंश सेल्सिअसला असेल तर ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, म्हणजे फरक साधारण ०.०२९ सेकंद यायला हवा.

यात गंमत अशी की एक हजारांश सेकंदाची चूक झाली तरी उत्तर दहा-बारा मीटरने हलतं. पंखा चालू राहिला, कोणी खोकलं, टाळी फोनपासून हातभर लांब वाजली, की आकडे विस्कटतात. मग मुलं स्वतःच सुचवतात: अंतर वाढवूया, व्हरांड्यात जाऊया, टाळीऐवजी दोन लाकडी ठोकळे आपटूया. त्रुटी, अचूकता, सरासरी हे शब्द मला शिकवावे लागत नाहीत, त्यांच्यावाचून मुलांचं अडलेलं असतं. हातातल्या स्टॉपवॉचने हा प्रयोग वर्गात होणंच शक्य नाही. बोट दाबायलाच माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, तेवढ्यात ध्वनी साठ-सत्तर मीटर गेलेला असतो. जिथे डोळा आणि हात पोचत नाहीत तिथे यंत्र आणावं.

उलट साधा दोलक घ्या. त्याला मी सेन्सर लावत नाही. दोरा, वजन, घड्याळ, २० आंदोलनं मोजा, भागा. १ मीटर दोऱ्याला आवर्तकाल साधारण २ सेकंद येतो, आणि पोरांना तो स्वतःच्या हाताने आलेला असतो. तिथे अ‍ॅप आणलं तर उपकार नाही, अडथळा. (टोपणनावामुळे मी दोलकाचा पक्ष घेतोय असं समजू नये.)

व्हिडिओच लावायचा तर मुलांनी काढलेला लावा. ट्रॅकर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात व्हिडिओच्या प्रत्येक चौकटीत (फ्रेममध्ये) चेंडूवर खूण करत जायचं, बाकी आलेख तो काढतो. सरळ समोर फेकलेल्या चेंडूच्या आडव्या खुणा सारख्या अंतरावर आणि उभ्या खुणांमधलं अंतर वाढत जाणारं, हे एकदा स्वतः क्लिक करून बघितलं की दोन दिशांची गती वेगळी करायला सांगावं लागत नाही. एक सूचना: स्लो मोशनमध्ये चित्रण केलं असेल तर खरा चौकटींचा वेग सॉफ्टवेअरला सांगावा लागतो. एका गटाने सेकंदाला २४० चौकटींनी टिपलेला व्हिडिओ तसाच टाकला. ट्रॅकरने तो ३० चा समजला. g आला ०.१५. "सर, चंद्रावरसुद्धा १.६ असतो!" असं म्हणत त्यांनी स्वतःच शोधून काढलं की काळ ८ पटींनी ताणला गेला आणि त्याच्या वर्गाने, म्हणजे ६४ ने, g भागला गेला. त्या गटाला मी काळाचा वर्ग पुन्हा कधी समजावला नाही.

पेशीभित्तिका

दोलक सरांचं सगळं भौतिकशास्त्र झालं, जीवशास्त्राची बाजू मी मांडते.

माझ्या मते सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेवर (डोळा लावायच्या भिंगावर) फोन लावणं ही आमच्या विषयातली सगळ्यात मोठी सोय आहे, आणि तिला कोणी टेक्नॉलॉजी म्हणत नाही. पूर्वी काय व्हायचं, तर रांग लावायची, प्रत्येकाने दहा सेकंद डोळा लावायचा, "दिसलं का?" "हो मॅडम, दिसलं." काय दिसलं? निम्म्यांना हवेचा बुडबुडा, काहींना स्वतःच्या पापण्या. जाड काळ्या कडेचा गोल बुडबुडा इतका ठसठशीत दिसतो की त्यालाच पेशी समजून सुबक आकृती काढून आणणारी मुलं दरवर्षी असतात. आणि मला ते कळायला मार्गच नव्हता, कारण त्यांना जे दिसतंय ते मला दिसत नव्हतं. आता फोनचा कॅमेरा नेत्रिकेवर धरला (फोन धरायचा स्टँड असेल तर उत्तम, नसेल तर पुठ्ठ्याची नळी करून), पॅनेलला जोडला, की सगळ्यांना तेच दिसतं जे मला दिसतंय. एक जण येऊन बोट ठेवून सांगतो, "ही भित्तिका." दुसरा म्हणतो, "ती घडी पडलीये."

पुढची पायरी म्हणजे मोजणं, इथे मी दोलक सरांशी सहमत. त्याच वर्धनावर पारदर्शक मोजपट्टीचा फोटो काढून ठेवायचा, त्याच्या खुणा धरून कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशीची लांबी काढायची. साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर येते. पेशी 'सूक्ष्म' म्हणजे किती सूक्ष्म, हे तोवर मुलांच्या लेखी काहीही असू शकतं. अणूएवढी असते असं खात्रीने सांगणारेही भेटलेत.

परासरणाला (पेशीच्या पटलातून पाणी आत-बाहेर जाणं) तर काचेच्या कडेने मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि टाइमलॅप्स चालू ठेवा. पेशीद्रव्य भित्तिकेपासून सुटून आत आक्रसत जाताना दिसतं. लाल कांद्याचा पापुद्रा घ्या, आतला रंग असल्यामुळे सीमा स्पष्ट कळते. मग साधं पाणी सोडून उलट होतं का ते बघायचं. तयार व्हिडिओत नेहमी होतं. तुमच्या काचेवर कधीकधी होत नाही, कारण मीठ फार कडक झालं की पेशी मरते. "व्हिडिओतलं खरं की आपलं?" हा प्रश्न त्या दिवशी हमखास येतो.

सूक्ष्मदर्शक कमी असतील तर फोल्डस्कोप बघा. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांचा हा घडी घालून करायचा कागदी सूक्ष्मदर्शक, २०१४ मध्ये जगासमोर आला. वर्धन साधारण १४० पट, फोनलाही जोडता येतो. फोकस साधायला मुलांना सुरुवातीला वैताग येतो, एवढं गृहीत धरा.

काटेकोर

सगळं वाचून छान वाटलं, पण दोन शंका. एक, परीक्षेत हे काही विचारत नाहीत. फोन पडला, शून्य आलं, मग? पाठ तर तेवढाच उरतो आणि तास गेला. दोन, हे सगळं प्रत्यक्ष करण्यापेक्षा आभासी प्रयोगशाळेत का करू नये? तिथे काही तुटत नाही, उत्तर बरोबर येतं, पंधरा मिनिटांत संपतं. धागाकर्तीनेही तेच विचारलंय, त्याचं उत्तर कोणी दिलेलं नाही.

जुना दोलक

काटेकोर, रास्त विचारलंत.

आधी आभासी. मी ती वापरतो, आणि विद्युतधारेच्याच पाठाला वापरतो. फेटची सिम्युलेशनं (संगणकावरचे आभासी प्रयोग) कोलोरॅडो विद्यापीठातली आहेत, २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी सुरू केलेली (त्यांना त्याच्या आदल्या वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं). मोफत आहेत, उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात, बऱ्याचशांचं मराठी रूपही आहे. त्यांच्या परिपथाच्या सिम्युलेशनमध्येही गोळेच पळतात. फरक एवढा की तिथे मूल स्वतः तार जोडतं, तोडतं आणि कुठेही अ‍ॅमीटर (धारा मोजणारा मीटर) लावतं. सहा आणि चार गोळे काढणाऱ्या त्या मुलीला त्याच्यासमोर बसवा आणि बल्बच्या दोन्ही बाजूंना एकेक अ‍ॅमीटर लावायला सांगा. दोन्ही आकडे सारखे. ती गप्प होईल.

पण पटलेलं नसेल. कॉम्प्युटर म्हणाला म्हणून मान्य केलं, एवढंच. म्हणून त्यानंतर लगेच खरा परिपथ. शाळेतले दोन अ‍ॅमीटर लावले की एक ०.२२ दाखवतो आणि दुसरा ०.२०, कारण शाळेतले अ‍ॅमीटर तसेच असतात. झालं, अर्धा वर्ग ओरडतो, "बघा सर, कमी झाली!" या क्षणी उत्तर सांगू नका. फक्त विचारा, "हे बल्बमुळे झालं की मीटरमुळे, कसं ठरवाल?" थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतं, मीटरांची अदलाबदल करूया. अदलाबदल केली की ०.२० आता बल्बच्या अलीकडे आणि ०.२२ पलीकडे. धारा बल्बातून जाऊन वाढली म्हणायचं का मग? हा वाद सिम्युलेशनमध्ये कधीच होणार नाही, तिथले मीटर निर्दोष आहेत. उत्तर बरोबर येतं हा तुम्ही आभासीचा गुण सांगितलात. माझ्या लेखी तीच तिची मर्यादा आहे.

मी तर मुलांना कामच देतो: या सिम्युलेशनमधल्या खोट्या गोष्टी शोधा. बॅटरी कधी दमत नाही. तिचा अंतर्गत रोध मुळात शून्य धरलेला, म्हणून दुसरा बल्ब समांतर जोडला तरी पहिला जरासुद्धा मंदावत नाही; खऱ्या सेलवर मंदावतो. गोळे झरझर पळतात. खऱ्या तारेत इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरच्याही अंशाने सरकतात. यादी करता करता खरं काय ते शोधावंच लागतं. ज्या गोष्टी वर्गात आणणं शक्यच नाही किंवा धोक्याचं आहे (सीझियम पाण्यात टाकणं, वायूचे रेणू, ग्रहांच्या कक्षा) तिथे खुशाल सिम्युलेशन किंवा व्हिडिओ लावा, त्याला पर्याय नाही.

परीक्षेचं म्हणाल तर प्रत्येक पाठाला हे करूच नका. मी एका प्रकरणाला एक मोजणीचा तास धरतो, काही प्रकरणांना तोही नाही. आलेख वाचा, एकक लिहा, कारण द्या, हे प्रश्न परीक्षेत असतातच आणि मुलं तिथेच गुण घालवतात.

क्विझवर लिहायचं राहिलं. लिटमस मॅडम, वेगाचे गुण काढून टाका, अर्धा गोंधळ तिथेच संपेल. हार्वर्डच्या एरिक मॅझूर यांनी १९९१ पासून रूढ केलेली पद्धत अशी: कल्पनेवरचा एकच प्रश्न, आधी प्रत्येकाचं स्वतंत्र मत, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा मत. पहिल्या फेरीत बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मधे असतील तरच वाद घालायला लावायचा. त्याहून कमी असतील तर पुन्हा शिकवा, जास्त असतील तर पुढे चला. उपकरणं नसतील तर प्लिकर्सची कागदी कार्डं छापून घ्या. मूल कार्ड ज्या बाजूने धरेल ते त्याचं उत्तर, तुम्ही फोन वर्गावरून फिरवलात की सगळी मतं जमा. शेजाऱ्याला कळत नाही कोणी काय धरलंय, म्हणून नक्कलही होत नाही. हे उगाच सांगत नाही: रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे आकडे एकत्र मांडले, त्यात हायस्कूलचेही होते. जिथे मुलं अशी बोलती होती तिथली सरासरी प्रगती नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांच्या जवळपास दुप्पट निघाली.

शून्य अंश

कबूल केल्याप्रमाणे परत आलो. रिमोट अजून कुलपातच आहे, पण लॅपटॉपवर भागवतो.

रसायनासाठी माझा हुकमी प्रयोग: वितळवलेलं स्टिअरिक आम्ल थंड होताना तापमान नोंदवणं. अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि पाण्यात बुडवता येणारा एक तापमान सेन्सर, प्रोग्रॅम नवव्या इयत्तेतली मुलगी लिहिते एवढा सोपा. परीक्षानळीतलं आम्ल कोमट पाण्यात वितळवायचं नाही, चांगल्या गरम पाण्यात. शुद्ध असेल तर ते ६९ अंशांच्या आसपास वितळतं. आलेख पडद्यावर चालू करायच्या आधी मुलांनी वहीत काढायचा. सगळे एकजात उतरती रेषा काढतात. खरी रेषा उतरते, मग आडवी होते आणि बराच वेळ आडवीच राहते. "सेन्सर अडकला," हे पहिलं निदान. मग कोणीतरी नळीकडे बघतं आणि ओरडतं की आत पांढरं व्हायला लागलंय. अप्रकट उष्मा (गोठताना बाहेर पडणारी, तापमान उतरू न देणारी उष्णता) हा शब्द मी तेव्हा फळ्यावर लिहितो, आधी नाही. हा प्रयोग तापमापी आणि घड्याळ घेऊनही होतो, पण दर अर्ध्या मिनिटाला आकडा लिहिणाऱ्या मुलाचं नळीकडे लक्षच जात नाही.

लिटमस

सगळ्यांचे मनापासून आभार. मीटरांची अदलाबदल ही कल्पना मला इतकी आवडली की उद्याच दोन वेगळं दाखवणारे अ‍ॅमीटर मुद्दाम शोधून ठेवते. आमच्याकडे शोधावे लागणार नाहीत म्हणा.

पेशीभित्तिका ताई, पुठ्ठ्याची नळी नेत्रिकेवर घट्ट बसावी की सैल? आणि दोलक सर, फोन माझा स्वतःचा आहे आणि नवा आहे. उशीवरून उडून फरशीवर पडला तर?

पेशीभित्तिका

नेत्रिकेवर घट्ट, फोनच्या बाजूला जरा मोकळी. कॅमेरा नेत्रिकेला चिकटवायचा नाही, बोटाच्या पेराएवढं अंतर ठेवून हळूहळू पुढे-मागे करा. काळ्या वर्तुळाच्या मधोमध प्रकाशाचा गोल पूर्ण भरला की तिथेच थांबायचं. मग फोनचा ऑटोफोकस बंद करा, नाहीतर तो दर दोन सेकंदांनी स्वतःच्या मनाने शोधत बसतो.

जुना दोलक

उशीऐवजी चौघांना चादर ताणून धरायला लावा, पण फार ताठ नको, नाहीतर फोन उसळतो. कव्हर काढू नका. पहिल्यांदा मीटरभर उंचीवरूनच सोडा, तेवढ्यातही सपाट भाग व्यवस्थित दिसतो. आणि अ‍ॅपमध्ये टाइम्ड रन लावा, म्हणजे बटण दाबल्यावर तीन-चार सेकंदांनी मोजणी सुरू होऊन आपोआप थांबते, दोन्ही हात फोन सोडायला मोकळे राहतात. तरी जीव घाबरत असेल तर स्टाफरूममध्ये विचारून बघा, जुना फोन घरात पडून असलेलं कोणीतरी निघतंच. त्यात सिम लागत नाही, फक्त त्वरणमापी चालू हवा.

काटेकोर

जुना फोन माझ्याकडे आहे. काच तडकलेली चालेल ना? सोमवारी दहावीला करून बघतो आणि मुलांनी वहीत आधी काय लिहिलं होतं ते आकडे इथे टाकतो.